रुटुंडू तळ्याच्या गाळातला थर्मामीटर: हिमयुगात विषुववृत्तावरचे डोंगर किती गारठले होते?

साधारण २१ हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन कळसाला, विषुववृत्ताजवळ किती थंडी होती? प्रश्न सोपा वाटतो, पण यावर संशोधकांमध्ये कित्येक वर्षं वाद चालला होता आणि तो मिटवायला शेवटी उपयोगी पडले ते केनियातल्या रुटुंडू तळ्याच्या गाळात अडकलेले बॅक्टेरियांचे स्निग्ध पदार्थ, म्हणजे लिपिड्स. हे सगळं प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण यात नुसतं "जुनं हवामान कळलं" एवढंच नाहीये, आज डोंगर किती वेगाने तापतायत या प्रश्नापर्यंत ते थेट जातं. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी भांडण काय होतं ते बघू. १९८१ मध्ये क्लायमॅप नावाच्या मोठ्या प्रकल्पाने समुद्रतळाच्या गाळातले सूक्ष्मजीवांचे सांगाडे मोजून हिमयुगातल्या समुद्राच्या तापमानाचा नकाशा काढला. त्यात उष्ण कटिबंधातला समुद्र जेमतेम एक-दोन अंशांनी थंड दिसत होता, काही ठिकाणी तर तेवढाही नाही. पण त्याच कटिबंधातल्या डोंगरांवर, म्हणजे अँडीज, पूर्व आफ्रिका, न्यू गिनी इथे, हिमनद्यांनी मागे सोडलेले दगडगोट्यांचे बांध बघितले तर हिमरेषा आजच्यापेक्षा ९०० मीटर किंवा त्याहून जास्त खाली आलेली होती. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण सहा अंश उतरतं असं धरलं तर ९०० मीटर म्हणजे साडेपाच अंशांच्या आसपास थंडी. आता समुद्र म्हणतोय दोन आणि डोंगर म्हणतोय साडेपाच, मग खरं कोण? की दोघंही आपापल्या जागी खरे आहेत आणि हिमयुगात उंचीबरोबर तापमान उतरायचा दरच वेगळा होता?

या दराला लॅप्स रेट म्हणतात आणि या पूर्ण प्रकरणाचा गाभा तोच आहे. हवेत बाष्प जास्त असेल तर ती वर चढताना ढग बनतात, ढग बनताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे वरची हवा तेवढी गार होत नाही आणि लॅप्स रेट कमी राहतो. हवा थंड असेल तर तिच्यात बाष्प कमी मावतं (एका अंशामागे साधारण सात टक्के फरक पडतो), वर सुटणारी उष्णता पण कमी, म्हणून लॅप्स रेट जास्त, म्हणजे डोंगरमाथे पायथ्यापेक्षा जास्त गारठणार. भौतिकशास्त्र इथपर्यंत स्पष्ट सांगतं. पण किती फरक पडला होता हे मोजायला उंचावरचं भरवशाचं तापमान हवं, आणि नेमकं तेच कोणाकडे नव्हतं.

तुम्ही म्हणाल की परागकण होते की! होते, आणि माउंट केनियावर, माउंट एल्गनवर तळ्यांच्या गाळातून ते मोजलेही गेले होते. हिमयुगात वृक्षरेषा जवळपास हजार मीटर खाली सरकलेली दिसत होती. पण इथे एक मोठी मेख आहे. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त १९० पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख भागांत १९० भाग) आसपास होता, कारखाने यायच्या आधीच्या काळात तो २८० होता आणि आज ४२० च्या पुढे गेलाय. इतक्या कमी कार्बन डायऑक्साइडमध्ये झाडांची उपासमार होते आणि काही प्रकारची गवतं, ज्यांना सी-४ म्हणतात, ती तग धरतात. अॅलेन स्ट्रीट-पेरट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या डोंगरी तळ्यांवरून हेच दाखवलं, की जंगल खाली सरकण्यामागे थंडीबरोबर या उपासमारीचाही मोठा वाटा होता. म्हणजे परागकणांवरून तापमान काढलं तर कार्बन डायऑक्साइडने केलेलं नुकसान पण थंडीच्या नावावर टाकलं जातं. हिमनद्यांचं पण तसंच, बर्फ किती पडलं आणि आभाळ किती होतं यावर त्या वाढतात-आटतात, नुसत्या तापमानावर नाही. मग असं काहीतरी हवं होतं की जे झाडांच्या भुकेकडे आणि बर्फाच्या हिशोबाकडे न बघता तापमान सांगेल.

बॅक्टेरियाचं आवरण

इथे बॅक्टेरिया येतात. त्यांच्या पेशीभोवतीचं आवरण स्निग्ध रेणूंचं असतं आणि ते ना फार घट्ट ना फार पातळ असं राहायला लागतं, नाहीतर पेशी चालत नाही. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं तसं हे आवरण गोठू नये म्हणून बॅक्टेरिया रेणूंची रचनाच बदलतात. आपल्या प्रकरणातल्या रेणूंचं लांबलचक नाव बाजूला ठेवू, सगळे त्यांना बीआर-जीडीजीटी म्हणतात. दोन टोकांना ग्लिसरॉल आणि मध्ये दोन लांब कार्बन साखळ्या, आवरणाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार जाणाऱ्या. त्या साखळ्यांवर मिथाइलच्या छोट्या फांद्या असतात, चार, पाच किंवा सहा. गरम ठिकाणी चार फांद्यांचे रेणू जास्त आणि गार ठिकाणी पाच-सहावाले जास्त. जास्त फांद्या असल्या की रेणू एकमेकांना चिकटून घट्ट बसू शकत नाहीत, त्यामुळे थंडीतही आवरण लवचिक राहतं.

दुसरी गोष्ट म्हणजे टिकाऊपणा. यातले जोड ईथर प्रकारचे असतात, साध्या तेला-तुपातल्या एस्टर जोडांसारखे पाण्याने सहज तुटणारे नाहीत, म्हणून तळाच्या चिखलात ते हजारोच काय, लाखो वर्षंही राहू शकतात. बॅक्टेरिया मेला, पेशी विरघळली, पण आवरणातले हे रेणू गाळात तसेच राहिले.

२००० साली नेदरलँड्समधल्या याप सिनिंघे डामस्टे यांच्या गटाने या रेणूंची रचना उलगडली आणि मग २००७ मध्ये वायर्स आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या १३४ मातीच्या नमुन्यांवरून दाखवलं की फांद्यांचं प्रमाण हवेच्या सरासरी तापमानाशी आणि मातीच्या आम्लतेशी जुळतं. त्याच वर्षी त्यांनी काँगो नदीच्या मुखासमोरचा समुद्राचा गाळ घेऊन मध्य आफ्रिकेचं २५ हजार वर्षांचं तापमान काढलं, हिमयुगात साधारण २१ अंश आणि आता २५, म्हणजे चार अंशांचा फरक. हे सखल भागाचं झालं. मलावी आणि टांगानिका या मोठ्या सरोवरांतून, आर्किया नावाच्या वेगळ्या सूक्ष्मजीवांच्या लिपिड्सवरून, साडेतीन-चार अंशांच्या जवळपासचेच आकडे आले. म्हणजे क्लायमॅपचे एक-दोन अंश जमिनीवर तरी कमीच होते. पण हे सगळं खालचं, डोंगराचं काय?

तळं कुठलं आणि का

माउंट केनिया बरोबर विषुववृत्तावर आहे, शिखर ५,१९९ मीटर. त्याच्या उतारावर, ३,००० मीटरच्या थोडं वर, रुटुंडू नावाचं छोटं तळं आहे, जुन्या ज्वालामुखीच्या विवरात साचलेलं. (ब्रिटनच्या प्रिन्स विल्यमने केटला लग्नाची मागणी घातली तो परिसर हाच, त्यामुळे काहींनी नाव ऐकलं असेल.) जंगल संपून उंचावरचं झुडपी माळरान सुरू होतं त्या पट्ट्यातलं. अशा ठिकाणी दिवसा ऊन आणि रात्री गोठवणारी थंडी असते पण महिन्यामहिन्यांत फरक फार थोडा. हे का महत्त्वाचं आहे ते सांगतो. युरोप-अमेरिकेच्या उत्तरेकडच्या तळ्यांत बॅक्टेरियांची वाढ मुख्यतः उन्हाळ्यात होते, हिवाळ्यात तळं बर्फाखाली असतं, त्यामुळे तिथला गाळ खरं तर उन्हाळ्याचंच तापमान सांगतो आणि लोक त्याला वर्षाची सरासरी समजून बसतात. विषुववृत्तावर ही भानगड जवळजवळ नाही. म्हणून असलं तळं या कामाला सोन्यासारखं.

शॅनन लूमिस, ब्राउन विद्यापीठाचे जेम्स रसेल, बेल्जियमच्या गेंट विद्यापीठाचे दिर्क फर्स्कुरेन, नैरोबी विद्यापीठाचे डॅनियल ओलागो, स्ट्रीट-पेरट आणि इतर काहीजण यांनी रुटुंडूच्या गाळाच्या कोअरमधून (तळात नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा दंडगोल) २५ हजार वर्षांचा तापमानाचा आलेख काढला आणि २०१७ मध्ये तो सायन्स अॅडव्हान्सेस या नियतकालिकात आला.

लॅबमधली पद्धत थोडक्यात अशी. गाळाचे काप करून ते फ्रीझ-ड्राय करायचे, सॉल्व्हंटने सगळं स्निग्ध काढून घ्यायचं, अॅल्युमिनाच्या कॉलमवर वेगळं करायचं, गाळून घेऊन लिक्विड क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालायचं. तिथे चार फांद्यांचा रेणू १०२२ या वजनावर दिसतो, पाचवाला १०३६ वर, सहावाला १०५० वर, दर फांदीमागे १४ ची भर. यंत्राच्या आलेखात प्रत्येक रेणूचं एक शिखर उठतं, त्या शिखरांचे आकार मोजायचे आणि गुणोत्तर काढायचं. कोणत्या कापाचं वय किती ते रेडिओकार्बनवरून. हे सगळं कष्टाचं आहे पण ठरलेलं आहे, हात बसला की होतं.

खरं काम कॅलिब्रेशनचं

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम कोअर काढणं नव्हतंच, गुणोत्तराचे अंश कसे करायचे हे ठरवणं होतं. सुरुवातीला सगळे मातीचं समीकरणच तळ्यांना लावत होते. समजूत अशी की हे रेणू मातीतले बॅक्टेरिया बनवतात आणि पावसाने वाहून तळ्यात येतात. पण तसं केलं की तापमान भलतंच थंड यायचं, पूर्व आफ्रिकेच्या काही तळ्यांत तर खऱ्यापेक्षा दहाएक अंशांनी कमी! २००९-१० च्या सुमाराला जेसिका टियर्नी आणि रसेल यांनी दाखवलं की तळ्याच्या गाळातली रेणूंची वाटणी काठच्या मातीशी जुळतच नाही, म्हणजे तळ्यातले बॅक्टेरिया स्वतः पण हे रेणू बनवतायत, आणि त्यांचं तापमानाशी नातं मातीतल्या भाऊबंदांपेक्षा वेगळं आहे.

मग काय करायचं? तर त्याच प्रदेशातली, कमी-जास्त उंचीवरची, भरपूर तळी घ्यायची, प्रत्येकाच्या तळाचा अगदी वरचा ताजा गाळ घ्यायचा आणि आजच्या तापमानाशी जुळवून समीकरण बनवायचं. लूमिस आणि मंडळींनी २०१२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या १११ तळ्यांवर हे केलं, खालच्या उष्ण खोऱ्यांपासून ४,००० मीटरच्या वरच्या बर्फाजवळच्या तळ्यांपर्यंत. एका डोंगरी तळ्यावर जायचं म्हणजे हमाल, होडी, सामान सगळं घेऊन पायी चढायचं, आणि अशी कितीतरी. त्यातून जे समीकरण आलं त्याची चूक साधारण दोन अंशांची. दोन अंश म्हणजे जास्त वाटतात, आणि हवामानबदलाच्या एक-दीड अंशांच्या गप्पा ऐकलेल्या माणसाला हे निरुपयोगीच वाटेल, पण ती चूक एका तळ्याची दुसऱ्या तळ्याशी तुलना करताना आहे, त्यातला बराचसा भाग तळ्यातळ्यांतल्या फरकाचा असतो. एकाच तळ्यातल्या वरखालच्या थरांची तुलना करताना तळ्याचे स्वतःचे गुणदोष बऱ्यापैकी सारखे राहतात, म्हणून किती अंशांनी बदललं हे त्याच्यापेक्षा जास्त भरवशाने सांगता येतं, निव्वळ आकडा किती हे तेवढ्या भरवशाने नाही. हा फरक लोक विसरतात आणि मग एकतर आंधळा विश्वास ठेवतात किंवा सगळंच फेकून देतात.

आकडे काय आले

रुटुंडूमध्ये हिमयुगाच्या कळसाला तापमान आजच्यापेक्षा साधारण साडेपाच अंशांनी कमी निघालं. त्याच काळात सखल भागातली सरोवरं साडेतीन-चार अंशांच्या आसपासच थंड झालेली. म्हणजे डोंगर खरोखरच जास्त गारठला होता. हे सगळे आकडे उंचीवर मांडले तर पूर्व आफ्रिकेचा आजचा लॅप्स रेट दर किलोमीटरला सुमारे ५.८ अंश येतो आणि हिमयुगातला सुमारे ६.७. एका किलोमीटरमागे जेमतेम एक अंश, पण तीन किलोमीटर उंचीवर त्याचे जवळपास तीन अंश होतात, आणि हिमनदी टिकायची की वितळायची हे ठरायला तीन अंश पुष्कळ झाले.

आता जुन्या भांडणाकडे वळा. हिमरेषा खोटं बोलत नव्हती, डोंगरावर तेवढी थंडी खरंच होती. समुद्राचे आकडे पण नंतरच्या पद्धतींनी सुधारून दोन-तीन अंशांच्या आसपास आले. दोघांमधला उरलेला फरक लॅप्स रेटमधून सुटतो. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की कोणाला तरी खोटं ठरवून वाद मिटला नाही, दोन्ही बाजूंची मोजमापं एकाच चौकटीत बसली.

शंका, आणि त्या खऱ्या आहेत

एक, हे रेणू नक्की कोण बनवतं? बरीच वर्षं नुसता अंदाज होता की अॅसिडोबॅक्टेरिया असावेत. २०२२ च्या सुमाराला लॅबमध्ये वाढवलेल्या एका अॅसिडोबॅक्टेरियाने यातले बरेच प्रकार बनवून दाखवले आणि वाढीचं तापमान बदललं तसं फांद्यांचं प्रमाणही बदलताना दिसलं. हा फार मोठा दिलासा होता, कारण तोवर सगळा डोलारा नुसत्या आकड्यांच्या जुळणीवर उभा होता, आता त्याखाली जीवशास्त्र आलं. तरी तळ्यात एकच जात नसते, आणि वेगवेगळ्या जातींची वाटणी बदलली तर तापमान न बदलताही गुणोत्तर बदलू शकतं.

दोन, ऑक्सिजन. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या लुगानो तळ्यात २०१८ मध्ये दिसलं की वरच्या ऑक्सिजनवाल्या पाण्यात आणि खालच्या ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात वेगळे बॅक्टेरिया वेगळे रेणू बनवतात. म्हणजे एखाद्या तळ्याची खोली किंवा घुसळण हजारो वर्षांत बदलली असेल तर ती तापमानाचा वेश घेऊन आलेखात येऊ शकते. तळ्याची पाणीपातळी हिमयुगात काय होती हे वेगळ्या पुराव्याने तपासल्याशिवाय नुसत्या लिपिड्सवर निकाल देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

तीन, पाण्याची आम्लता. २०१३-१४ मध्ये सिंडी दे यॉन्ग आणि सहकाऱ्यांनी शोधलं की यंत्राच्या आलेखात जे एकच शिखर वाटत होतं ते दोन जुळ्या रेणूंचं होतं, फांदी पाचव्या कार्बनवर असलेला एक आणि सहाव्यावर असलेला दुसरा. पाचव्यावाले मुख्यतः तापमानाचं ऐकतात, सहाव्यावाल्यांवर आम्लतेचा प्रभाव मोठा. त्यानंतर कॉलम बदलले, गुणोत्तरं बदलली, आणि रसेल यांच्या गटाने २०१८ मध्ये पूर्व आफ्रिकेतली ६५ तळी नव्या पद्धतीने पुन्हा मोजून नवीन समीकरणं दिली. जुन्या पद्धतीच्या प्रत्येक आलेखाकडे आता हे लक्षात ठेवूनच बघायला लागतं.

आम्लतेवरून आपलं लोणार आठवणं साहजिक आहे. लोणारच्या गाळाचा सुमारे दहा मीटरचा कोअर काढून भारतीय आणि जर्मन संशोधकांनी ११ हजार वर्षांच्या पावसाचा इतिहास लावलाय, त्यात इ.स.पू. २६०० ते १९०० च्या सुमाराला आणि मग पुन्हा गेल्या दोन हजार वर्षांतल्या मोठ्या भागात लांबलचक दुष्काळी काळ दिसतात. पण तिथे मुख्य पुरावा होता पानांवरच्या मेणाचा आणि पाणी आटलं की तयार होणाऱ्या गेलुसाइट नावाच्या खनिजाच्या स्फटिकांचा. रुटुंडूचं समीकरण उचलून लोणारला लावायचा मोह कोणाला झाला तर त्याने थांबावं, कारण लोणारचं पाणी खारट आणि भयंकर अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास, तळाला ऑक्सिजन नाही, २०२० मध्ये तर मीठप्रेमी आर्कियांमुळे अख्खं तळं गुलाबी झालं होतं. तिथले सूक्ष्मजीव वेगळे, त्यांची आवरणं वेगळी. लोणारचं तापमान लिपिड्समधून काढायचं असेल तर आधी तशाच खाऱ्या-अल्कधर्मी तळ्यांचं वेगळं कॅलिब्रेशन करावं लागेल, दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

मॉडेल्सचं काय

रुटुंडूच्या पेपरमधली मला सगळ्यात जड वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. या मंडळींनी आपले आकडे हवामानाच्या आधुनिक कॉम्प्युटर मॉडेल्सशी ताडून बघितले. मॉडेल्सना दिशा बरोबर कळते, हिमयुगात लॅप्स रेट जास्त होता असं ती पण म्हणतात, पण किती जास्त होता ते त्यांना कमी दिसतं. आणि ही गोष्ट उलट्या बाजूनेही लागू होते. थंडीत डोंगर पायथ्यापेक्षा जास्त गारठला तसा तापमानवाढीत तो पायथ्यापेक्षा जास्त तापणार, आणि मॉडेल्स मागचा फरक कमी दाखवत असतील तर पुढचाही कमीच दाखवत असण्याची शक्यता आहे. म्हणजे उष्ण कटिबंधातल्या उंच डोंगरांसाठी जे अंदाज आज दिले जातात ते सौम्य असू शकतात.

माउंट केनियावरच्या हिमनद्यांचा बहुतेक भाग गेल्या शंभर वर्षांत गेलेला आहे. त्या डोंगरावरून निघणाऱ्या ओढ्या-नद्यांवर खालच्या शेतकऱ्यांची शेती आहे, ताना नदी आहे, त्यावरची धरणं आणि वीज आहे. पाण्याचा मोठा वाटा जंगल आणि पावसाचा आहे, बर्फाचा कमी, हेही खरं, त्यामुळे हिमनद्या गेल्या की दुसऱ्या दिवशी नद्या आटतील असं कोणी म्हणू नये. पण उंचावरच्या पट्ट्यातली झाडं, तिथले पक्षी, दमट धुक्यावर जगणारं रान यांना वर सरकायला डोंगर संपत आलाय, आणि तिथे तापमान नक्की किती वाढणार हे एक-दीड अंशाने चुकलं तर सगळाच हिशोब चुकतो.

एका तळ्यावर एवढं मोठं अनुमान उभं करायचं का, ही टीका रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणजे आणखी उंच तळी, नव्या पद्धतीने मोजलेली, युगांडा-काँगो सीमेवरच्या रवेंझोरी पर्वताची, इथिओपियाच्या बाले पर्वताची, अँडीजची, न्यू गिनीची, आणि प्रत्येक ठिकाणी आधी तिथल्याच तळ्यांवर केलेलं कॅलिब्रेशन. डोंगराच्या एकाच बाजूला पायथ्यापासून माथ्यापर्यंत तीन-चार उंचीवरचे कोअर मिळाले तर लॅप्स रेट वेगवेगळ्या प्रॉक्सी (तापमान अप्रत्यक्षपणे सांगणारे पुरावे) जोडून काढावा लागणार नाही, एकाच जातीच्या मोजमापातून सरळ येईल.